प्रश्न पाचवा, गुण दहा

‘आदर्श वर्गखोली कशी असावी ते सकारण लिहा.’
चोपड्याचं कॉलेज, एप्रिलची दुपार,
पंखा पर्यवेक्षकांच्या डोक्यावर.

मी लिहिलं ते पाठ होतं:
पुरेसा उजेड, खेळती हवा,
दर मुलामागे इतकी इतकी जागा,
भिंतीला तक्ते, कोपऱ्यात वाचनपेटी.
दहापैकी आठ मिळतील.
उरलेले दोन इथे लिहिते,
होस्टेलच्या गच्चीवर,
पुरवणीला दोरा न बांधता.

आधी माठ.
फळ्याच्याही आधी माठ.
हेडमास्तरांच्या खोलीत नाही, वर्गातच,
पहिलीतल्या पोराच्या कमरेइतक्या तिवईवर.
ओगराळं सगळ्यांना एकच.
आणि पाणी प्यायला विचारायचं नाही.

सकारण लिहिते.
मी पहिलीत, याच तालुक्यात,
उभी राहून म्हणाले होते,
बाई, माले तीस लागनी.
बाई म्हणाल्या, तीस? मग पुढे म्हण.
वर्ग हसला.
मी म्हटलं. एकतीस, बत्तीस,
पार पन्नासपर्यंत,
कोरड्या जिभेनं, एकही न चुकता.
बाईंनी पाठ थोपटली.
पाणी मी घरी जाऊन प्याले.

बाई वाईट नव्हत्या. लांबून बदलून आल्या होत्या,
त्यांच्याकडे तीस म्हणजे तीसच.

म्हणून माझ्या फळ्यावर
तीसपुढे दोन अर्थ असतील, शेजारी शेजारी.
तहानेला पावरीत काय म्हणतात
ते जालमसिंग सांगेल.
मला येत नाही.
खडू त्याच्या हातात देईन
आणि त्याच्या जागेवर जाऊन बसेन,
बघेन तिथून फळा दिसतो का.

खिडक्या खाली हव्यात.
सरावपाठाच्या शाळेत उभं राहिलं की
मला सातपुडा दिसायचा, पोरांना नुसतं आभाळ.
घरं त्यांची सातपुड्यात.

गणिताला केळीचा घड.
वरच्या फणीला अठरा, खालच्या फणीला अकरा,
मधल्या फण्यांचं आपसात पटत नाही.
गुणाकार जुळायचा नाही. नको जुळू दे.
एकेक मोजू,
आणि मधल्या सुट्टीत उत्तर खाऊन टाकू.

पत्रा तापेल, हे खरं.
वर पऱ्हाट्या पसरू, दाराला ओलं गोणपाट,
तरी तापेलच.
अशा दुपारी शिकवायचं नाही,
फरशीवर पालथं पडून ज्याचं त्यानं वाचायचं
किंवा झोपायचं.
झोपलेल्याला उठवायचं नाही, साहेब आले तरी.

होळीच्या तोंडावर भोंगऱ्या बाजार भरला
की पटावरचे सगळे गैरहजर.
त्या दिवशी वर्ग बाजारात.
ढोल कसा धरायचा ते त्यांनी शिकवायचं,
मला मार्क त्यांनीच द्यायचे.
नापास केलं तर पुढच्या वर्षी परत.

नेरकर मॅडमना यातलं थोडं सांगितलं.
चष्मा पुसत म्हणाल्या,
आधी टीईटी काढ, भरती निघू दे,
मग खाली कर खिडक्या.
बरोबर आहे त्यांचं.
माझ्याकडे अजून शाळा नाही, वर्ग नाही,
तिवईसुद्धा नाही.
एक माठ बघून ठेवलाय फक्त,
बसस्टँडमागे, कुंभाराच्या ओट्यावर,
काळा, जरा वाकडा.

आणि एक वाक्य.
रात्री मैत्रिणी झोपल्या की पुटपुटते,
इतकी वर्षं शुद्ध बोलून
जीभ आखडलीय, मोकळी करावी लागते.

दारात कुणीतरी उभं असेल,
चपला हातात घेऊन,
आत यायचं की नाही ते न कळून.
मी म्हणेन,
ये, आठे बठ. तीस लागनी का?

मागून एखादं आगाऊ पोर ओरडेल,
एकतीस!
हसू सगळे. मीसुद्धा.
मग पाणी पिऊ.